सासूच्या नावाची जागा

“सरूबाई रामनाथ!”

“हां,” समीक्षाने मान वर न करता ओ दिली आणि सुरमईच्या मानेत कोयता घातला.

पालिकेच्या माणसाने यादीवर खूण केली, पावती फाडून बर्फाच्या पेटीवर ठेवली आणि तो पुढच्या ओट्याकडे सरकला.

“जानकीबाई कुंडलिक!”

“हां हां, हाय मी,” शेजारची प्रेमा म्हणाली. तो माणूस कोळंबीच्या रांगेकडे वळेपर्यंत तिने तोंड मिटून धरलं, मग हसली. “सासू मरून नऊ वर्षं झाली माझी. यादीत अजून मासळी विकते. बाय मेली तरी सुटत नाय गो ह्या बाजारातून.”

दर महिन्याला प्रेमा हेच म्हणायची आणि दर महिन्याला समीक्षा हसायची. आज ती हसली नाही.

त्या बाजारात ओटा सासूकडून सुनेकडे जात असे. पुरुषांची बोट, पुरुषांचं जाळं. बाजारात पुरुष बसत नसे. सासू थकली की सून बसायची, पण कागदावरचं नाव बदलायला कोणी जात नसे. दोन खेटे घातले की धंद्याचे दोन दिवस मोडायचे, आणि गरजही कधी पडली नव्हती. यादी वाचली जायची तेव्हा ओट्यावर जी असेल ती सासूच्या नावाला ओ द्यायची. समीक्षा चौदा वर्षं बसत होती. पहिली आठ वर्षं सरूबाईच्या शेजारी, मग सरूबाईचे गुडघे गेले तेव्हापासून एकटी. तेवढी सहा वर्षं ती दर महिन्याला एकदा सरूबाई होत होती.

तिने कोयता धुतला, हात धुतले आणि उरलेली मासळी प्रेमाच्या ओट्यावर सरकवली.

“एवढ्या लवकर? गिऱ्हाईक आता येईल.”

“अंधेरीला जायचंय. कोर्टात.”

“सही करायला?”

“वाचून घ्यायला,” समीक्षा म्हणाली.

घटस्फोटाचा कागद चार पानांचा होता. तिच्या नवऱ्याने, प्रज्योतने, तो रविवारी जोगेश्वरीच्या खोलीवर आणून दिला होता. आत आला नव्हता. दारातच म्हणाला होता, “तीन लाख देतो. दोघांच्या संमतीनं होऊन जाईल, कटकट नको. पुढच्या सोमवारपर्यंत सही करून ठेव.” दीड वर्षापूर्वी त्याने बोट विकली ती तिला न विचारता. पैशाचं काय केलं, असं तिने विचारलं तेव्हा त्याने हात उचलला. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा ती मुलीला, प्रांजलला, घेऊन कोळीवाड्यातून निघाली आणि जोगेश्वरीत भाड्याने राहिली. ओटा मात्र तिने एक दिवसही बंद ठेवला नाही.

विधी सेवेची खोली कोर्टाच्या आवारात झेरॉक्सवाल्याच्या पलीकडे होती. दिशा परब नावाची वकील मंगळवारी आणि सोमवारी तिथे बसे. भांडुपहून यायची, वय तिशीचं, बोलणं मोजकं. पहिल्या भेटीत समीक्षाने फी विचारली होती.

“बाईला इथे फी नाही. उत्पन्न कितीही असलं तरी.”

“मग तुम्हाला कोण देतं?”

“सरकार.”

“वेळेवर?”

दिशा हसली होती. तेव्हापासून समीक्षाचा तिच्यावर विश्वास बसला.

आज दिशाने चारही पानं सावकाश वाचली. मग पेन्सिल घेतली.

“पाचवं कलम. मुलगी तुमच्याकडे राहील आणि तिच्या खर्चासाठी तुम्ही काही मागणार नाही. हे कापायचं. तो हक्क मुलीचा आहे, ताई. तुम्ही सोडते म्हणालात तरी सुटत नाही.”

“कापा.”

“सहावं. तुमचे दागिने तुम्हाला परत मिळाले, असं लिहिलंय. मिळाले?”

“बोटीच्या इंजिनासाठी गहाण टाकले. साडेसहा तोळे.”

“सोडवले?”

“बोट गेली. सोनं सोनाराकडेच राहिलं.”

“म्हणजे मिळाले नाहीत. तुमचं स्त्रीधन आहे ते, मागायचं.” पेन्सिल खाली सरकली आणि थांबली. “सातवं मी मोठ्याने वाचते. ‘पत्नीचा पतीच्या कुटुंबाच्या घरावर, व्यवसायावर व बाजारातील मासेविक्रीच्या ओट्यावर कोणताही हक्क राहणार नाही व ती सदर ओटा तीन महिन्यांत रिकामा करून देईल.’”

समीक्षाने ते पुन्हा वाचायला लावलं.

“तीन लाख ह्याच्यासाठी आहेत,” ती म्हणाली. “बाहेरचा एक व्यापारी ओटा मागतोय त्याच्याकडे. महिना तीस हजार भाडं. बाजारात सगळं कळतं.”

“ओटा कुणाच्या नावावर?”

“सासूच्या.”

“पावत्या?”

“सासूच्या.”

“गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देतं ना? ते तरी तुमच्या खात्यात येत असतील.”

“तो पैसे घ्यायचा क्यूआरचा स्टिकर प्रज्योतनं लावून दिला होता. त्याच्या खात्यात जातात. मी आठवड्याला मागून घेते.”

“अजून?”

“अजून.”

दिशाने पेन्सिल टेबलावर ठेवली.

“चौदा वर्षं बसते मी तिथे,” समीक्षा म्हणाली.

“कागदावर एक दिवसही बसलेल्या नाहीत. यादी वाचतात तेव्हा ओ कोण देतं?”

समीक्षाने सांगितलं. दिशाने उठून दार लोटलं.

“हे इथे बोललात, बाहेर बोलू नका.”

मग ती पालिकेत फोन करत राहिली. एका नंबरवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. समीक्षा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होती, लिलावात बोटीच्या तांडेलाच्या तोंडाकडे बघावं तशी. फोन ठेवल्यावर दिशा म्हणाली, “दोन वाटा आहेत. एक म्हणजे शेजारच्या बायका साक्षीला आणा. तुम्ही तिथे इतकी वर्षं धंदा करता, असं त्यांनी लिहून द्यावं. दुसरी वाट सरळ आहे. जिच्या नावाचं लायसन्स ती हयात असेल तर ती घरातल्या माणसाच्या नावावर करून देऊ शकते. सून चालते.”

“मग झालं.”

“सून असेपर्यंत चालते. तुम्ही आधी सही केलीत, कोर्टाने लग्न मोडलं, की तुम्ही त्या घरच्या कोणी नाही. म्हणून आधी ओटा, मग सही. सासूबाई देतील?”

समीक्षाने चार पानं गोळा केली, कडा जुळवल्या आणि पिशवीत ठेवली.

“विचारते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोयत्याच्या टोकाने ओट्यावरचा स्टिकर खरवडला. तो चिवट होता, तुकड्यातुकड्याने निघाला. प्रेमा बघत होती.

“प्रेमा, माझ्यासाठी एक कागद लिहून देशील? मी इथे चौदा वर्षं बसते, एवढंच.”

“देईन की. त्यात काय.” प्रेमाने बर्फ फोडता फोडता हात थांबवला. “त्यात माझं नाव लिवायला लागेल?”

“तुझंच.”

“आणि मी कुठं बसते, ते?”

समीक्षाने मान डोलावली.

“नाय गो,” प्रेमा हळू आवाजात म्हणाली. “तुझी सासू जिवंत तरी हाय. माझी मेलेली ओ देते. मी लिवून दिलं की पहिला माझा ओटा जाईल. ह्या रांगेत कुणालाबी विचार, सगळ्यांच्या सासवा अमर हायेत.”

तिचं खोटं नव्हतं. समीक्षाने कोणालाच पुढे विचारलं नाही.

दुपारी ती कोळीवाड्यात गेली. दीड वर्षात पहिल्यांदा. प्रज्योत त्या वेळी घरी नसतो हे तिला ठाऊक होतं. सरूबाई दारात पाय पसरून सुपात जवळा निवडत बसली होती. तिने वर बघितलं, आधी तोंडाकडे, मग हातांकडे.

“रिकाम्या हातानं आलीस?”

“मागायला आले, आई. हातात काही आणलं असतं तर विकत घ्यायला आले असं झालं असतं.”

“बोलायला कोणी शिकवलं? वकिलीणीनं?”

“तुम्ही.”

सरूबाईने जवळ्यातून एक बारकी चिंबोरी उचलून मांजरापुढे टाकली. बस म्हणाली नाही. समीक्षा उंबऱ्याच्या बाहेरच्या पायरीवर बसली आणि जे होतं ते सगळं सांगितलं: सातवं कलम, व्यापारी, लायसन्स, सून असेपर्यंतची मुदत. कुठे आवाज चढवला नाही.

“घर सोडून गेलीस तू,” सरूबाई म्हणाली. “तुना ओटा देऊ? गाव काय बोलेल?”

“गाव पहाटे चारला धक्क्यावर येत नाही. तुम्हाला ओटा कोणी दिला?”

“सासूनं.”

“तिचा मुलगा चांगला वागत होता म्हणून?”

सरूबाईचा हात सुपात थांबला. तिचा नवरा रामनाथ जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण तो दारू पिऊन गल्लीत पडायचा हे कोळीवाड्यात अजून कोणी विसरलं नव्हतं.

“मेलेल्या माणसाला मधी आणू नको.”

“नाही आणत.”

जवळ्याचा ढीग एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने मोठा होत गेला.

“प्रज्योत लायसन मागतोय,” सरूबाई म्हणाली. “तीनदा मागितलं. मी सांगितलं, सापडत नाय.”

“सापडत नाही?”

“ट्रंकेत हाय.” तिने सूप पाखडलं. “भाडं सुरू झालं की महिन्याला दहा हजार माझ्या हातात देईन बोललाय.”

“बोटीचे किती दिले हातात?”

सरूबाईने पदराने मान पुसली. “जा आता. तो येईल.”

“सोमवारी दोन वाजता मी अंधेरीच्या कोर्टात आहे. झेरॉक्सवाल्याच्या पलीकडची खोली.”

“मना कोण आणणार तिथं? पंख लावून येऊ?”

“रिक्षा करा. पैसे मी देते.”

“भिकारीण नाय मी,” सरूबाई म्हणाली आणि सूप घेऊन आत वळली. उठायला तिला दाराच्या चौकटीचा आधार घ्यावा लागला. समीक्षाने हात पुढे केला नाही. केला असता तर सरूबाईने तो झटकला असता.

सोमवारी प्रज्योतचा फोन दोनदा आला.

“सही झाली?”

“कोर्टातच आहे.”

“मग कर ना. काय वाचतेस एवढं? चार पानं तर आहेत.”

“तुझ्या वकिलाने लिहिली आहेत. माझी वकील वाचतेय.”

“माझा आकडा वाढणार नाही हां, समीक्षा. सांगून ठेवतो.”

“मी आकडा विचारलाच नाही,” तिने सांगितलं आणि फोन बंद करून पिशवीत टाकला.

अडीच वाजले. दिशाने दरम्यान दोन बायकांची कामं उरकली. पावणेतीनला ती म्हणाली, “ताई, त्या आल्या नाहीत तरी आपण सही करायची नाही. वेळ लागेल, भांडावं लागेल, पण मी भांडेन.”

“मी पण,” समीक्षा म्हणाली. “सातवं कलम काढल्याशिवाय सही नाही. वर्ष लागो की दोन.”

तेवढ्यात दाराबाहेर प्रेमाचा आवाज आला. “हळू गो, हळू, पायरी हाय.” मग दार उघडलं आणि सरूबाई आत आली. अंगावर नेहमीचं नऊवारी नव्हतं. लग्नाकार्यातलं हिरवं होतं. प्रेमा उंबऱ्याबाहेरच थांबली.

“ही घे. रस्ताभर मना शिव्या घातल्यात हिनं. मी आत येणार नाय, आत वकील असतात, कायबाय विचारतात.” आणि ती खरंच गेली.

सरूबाईने खुर्ची हाताने दाबून पाहिली, मग बसली. कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लायसन्स काढून टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

“हिच्या नावावर करायचं,” ती दिशाला म्हणाली. “किती येळ लागेल?”

“अर्ज मी तयार ठेवलाय, आजी. तुमची सही झाली की आजच बाजार खात्यात देऊ, तिथली खिडकी चारला बंद होते. पण एक विचारते. मुलाला माहीत आहे?”

“रातच्याला सांगेन.”

“त्याने घराबाहेर काढलं तर?”

सरूबाईची लायसन्सवरची बोटं जराशी आवळली गेली. समीक्षाला कळलं की गेले पाच दिवस म्हातारी ह्याच एका प्रश्नाशी झुंजत होती आणि उत्तर न मिळताच हिरवं नेसून इथे आली होती.

“घर कुणाच्या नावावर आहे?” दिशाने विचारलं.

“ह्यांच्या. मेल्यावर बदललं नाय.”

“मृत्युपत्र केलं होतं त्यांनी?”

“तो सही करायलाबी शुद्धीत नसायचा.”

“मग त्या घरात तुमचा हिस्सा आहे. मुलाइतकाच. तो तुम्हाला काढू शकत नाही. काढलं तर ह्याच खोलीत या, मी तुमचीही वकील होईन. तुम्हालाही फी नाही.”

“माझा हिस्सा?”

“तुमचा.”

“हे मना कुणी बोललं नाय,” सरूबाई म्हणाली. मग तिने लायसन्सवरचा हात काढला. “पण फुकट नाय देणार मी. म्हातारपणाला काय खाऊ? हिनं मना रोज एक वाटा मासळी द्यायची. मी हाय तोवर.”

“देईन,” समीक्षा म्हणाली.

“झालं तर. कागद नको ह्याला. आमच्यात तोंडाचा शब्द चालतो, बाय.”

“कागद हवा,” समीक्षा म्हणाली. “मॅडम, लिहा.”

सरूबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “माझ्यावर भरवसा नाय?”

“माझ्यावर ठेवू नका. तोंडाच्या शब्दावर चौदा वर्षं बसले मी, आई. काय झालं ते बघताय. उद्या मी फिरले, आजारी पडले, मेले, तर तुमच्या हातात काय राहील?”

दिशाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “ताई, नीट विचार करा. घटस्फोटानंतर ह्या तुमच्या कोणी नसतील. कायद्याने तुमच्यावर ह्यांची जबाबदारी नाही. लिहून दिलंत आणि चुकलात तर ह्या तुमच्यावर दावा लावू शकतात.”

“लावू देत. लिहा.”

दिशाने कोरा कागद ओढला. “रोज म्हणजे?”

“सोमवार सोडून,” दोघी एकदमच म्हणाल्या.

“आणि पावसाळ्यात? बोटी बंद असतात तेव्हा?”

“तेव्हा सुकं,” समीक्षा म्हणाली. “सुकट, नाहीतर सुके बोंबील.”

“सुकं लिवताना चांगलं लिव,” सरूबाईने दिशाला बजावलं. “वाळू असलेलं नको.”

दिशाने लिहिलं. मग पेन थांबलं. “वाटा म्हणजे किती? उद्या कोणी विचारलं तर मोजमाप हवं.”

“ओल्या बोंबलाचा धर,” सरूबाई म्हणाली. “सहा.”

“पाच,” समीक्षा म्हणाली.

“सहाचा असतो वाटा.”

“तुमच्या वेळी असायचा. आता पाचचा. धक्क्यावर भाव काय झालाय ते माहीत आहे तुम्हाला?”

“ओटा देतेय मी तुना! आख्खा ओटा! एका बोंबलासाठी घासाघीस करतेस?”

“पाच.”

सरूबाईने उठायचं नाटक केलं. पदर सावरला, पिशवी उचलली, लायसन्सकडे हात नेला. समीक्षा जागची हलली नाही. दिशा पेन धरून घड्याळाकडे बघत होती. साडेतीन होत आले होते.

सरूबाईने हात मागे घेतला आणि परत टेकून बसली. तिच्या तोंडावर राग होता, पण डोळ्यांत तो पोचला नव्हता.

“पाच लिव,” ती दिशाला म्हणाली. “ही बसेल नीट ओट्यावर.”